'टर्न ऑफ इट' का चुकतं? इंग्रजी क्रियापद, त्याला जोडलेला छोटा शब्द आणि सर्वनामाची जागा

'टर्न ऑफ द फॅन' बरोबर. 'टर्न द फॅन ऑफ' हेही बरोबर. 'टर्न इट ऑफ' बरोबर. 'टर्न ऑफ इट' मात्र साफ चूक. आता दुसरं उदाहरण घ्या. 'लुक आफ्टर द बेबी' बरोबर, 'लुक आफ्टर हिम' बरोबर, आणि इथे 'लुक हिम आफ्टर' चूक. दोन्ही क्रियापदांचे अर्थ बहुतेकांना तोंडपाठ असतात, पण बोलताना फॅनच्या जागी 'इट' आलं की गाडी अडते. कारण वहीत 'टर्न ऑफ = बंद करणे' एवढंच उतरवून घेतलेलं असतं. 'ते' नेमकं कुठे बसवायचं, हे त्या ओळीत नसतंच.

म्हणून पहिला बदल वहीत करायचा. क्रियापद एकटं लिहायचं नाही, 'इट' किंवा 'हिम' घालूनच लिहायचं: 'टर्न इट ऑफ', 'लुक आफ्टर हिम', 'वेट फॉर मी', 'डिस्कस इट'. असं लिहिलं की क्रियापद कुठल्या जातीचं, मध्ये शब्द लागतो की नाही, लागलाच तर कुठला, हे सगळं एका झटक्यात पाठ होतं. वेगळा नियम आठवत बसावा लागत नाही. खाली जे सांगितलं आहे ते ही वही भरताना उपयोगी पडावं म्हणून.

छोटा शब्द नेमका कोणाचा?

'ॲट', 'ऑफ', 'अप', 'फॉर' असे शब्द क्रियापदामागे येतात तेव्हा ते दोनपैकी एका पक्षात असतात. 'लुक ॲट इट' मध्ये 'ॲट' हा 'इट'चा आहे. आपल्या 'त्याच्याकडे' मधला 'कडे' जसा 'त्याच्या'ला चिकटतो तसाच, फक्त इंग्रजीत तो पुढून चिकटतो. याला प्रीपोझिशन म्हणतात. 'टर्न इट ऑफ' मधला 'ऑफ' मात्र 'इट'चा नाही, तो 'टर्न'चा आहे. त्याला पार्टिकल म्हणतात.

पार्टिकल मराठी माणसाला परका वाटायचं कारण नाही. आपण 'फेकून दे' म्हणतो तेव्हा कोणी कोणाला काही देत नसतं आणि 'खाऊन टाक' मध्ये टाकण्यासारखं काही नसतं. 'दे', 'टाक', 'घे', 'जा', 'काढ' ही दुसरी क्रियापदं पहिल्याच्या अर्थाला वळण देतात, पुरेपणा देतात. इंग्रजीत हेच काम 'अवे', 'अप', 'डाउन', 'ऑफ' करतात: फेकून दे, 'थ्रो इट अवे', लिहून घे, 'राइट इट डाउन', फाडून टाक, 'टेअर इट अप', वाचून काढ, 'रीड इट थ्रू'. शब्दाला शब्द जुळेलच असं नाही, पण जात तीच. फरक जागेचा. आपण 'ते' आधी ठेवतो आणि जोडी अखंड ठेवतो (ते फेकून दे). इंग्रजी 'इट'ला जोडीच्या मध्ये शिरू देते.

'फ्रेझल व्हर्ब' हे नाव छापून आलं १९२५ साली, लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या लेखनात. त्यांना ते सुचवलं होतं ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीचे एक संपादक हेन्री ब्रॅडली यांनी. नाव शंभरेक वर्षांचं, वापर मात्र त्याच्या कितीतरी शतकं आधीपासूनचा.

पक्ष ओळखायचे तीन मार्ग आहेत, आणि पहिला कानाचा आहे. मोठ्याने म्हणून पाहा. 'लुक ॲट इट' मध्ये जोर 'लुक'वर पडतो, 'ॲट' जवळजवळ गिळला जातो. 'टर्न इट ऑफ' मध्ये 'इट' गिळला जातो आणि 'ऑफ' ठसठशीत येतो. जोर असलेला शब्द पार्टिकल, जोर नसलेला प्रीपोझिशन. 'आफ्टर', 'अक्रॉस', 'ओव्हर', 'थ्रू' असे लांबट शब्द मात्र प्रीपोझिशन असूनही थोडा जोर घेतात, तिथे एकट्या कानावर विसंबू नका.

दुसरा मार्ग: मध्ये 'केअरफुली' किंवा 'क्विकली' घालून पाहायचं. 'शी लुक्ड केअरफुली ॲट इट' चालतं. 'शी टर्न्ड क्विकली ऑफ द टॅप' कोणीही इंग्रजी बोलणारा म्हणणार नाही. मध्ये फट पडत असेल तर प्रीपोझिशन, पडत नसेल तर पार्टिकल. तिसरा मार्ग 'विच'चा. 'द बस फॉर विच वी वेटेड' जरा पुस्तकी वाटेल पण बरोबर आहे, 'द फॅन ऑफ विच आय टर्न्ड' हे इंग्रजीच नाही.

खरं तर दरवेळी कसोटी लावायची गरज पडत नाही, कारण बऱ्याच शब्दांचा पक्ष ठरलेला आहे. 'ॲट', 'फॉर', 'फ्रॉम', 'विथ', 'ऑफ' (मालकीचा, 'रन आउट ऑफ' मधला), 'इनटू', 'अगेन्स्ट' आणि 'आफ्टर' हे प्रीपोझिशन, म्हणून सर्वनाम नेहमी यांच्या नंतर. 'अवे', 'बॅक', 'अपार्ट', 'टुगेदर', 'फॉरवर्ड', 'असाइड' हे पार्टिकल, म्हणून सर्वनाम नेहमी यांच्या आधी: 'टेक इट बॅक', 'पुट देम टुगेदर', 'टेल देम अपार्ट'. घोळ होतो तो दोन्ही पक्षांत असणाऱ्या 'इन', 'ऑन', 'टर्न इट ऑफ' मधला 'ऑफ', 'अप', 'डाउन', 'ओव्हर', 'थ्रू', 'अराउंड' अशा शब्दांपाशी. कसोट्या त्यांच्यासाठी राखून ठेवा.

सर्वनामाच्या चार जागा

पहिली जागा म्हणजे जागाच नाही. 'द बाइक ब्रोक डाउन', 'वेक अप', 'द प्लेन टूक ऑफ'. कर्म नाही, त्यामुळे सर्वनामाचा प्रश्न येत नाही. पण तेच क्रियापद दुसऱ्या अर्थाने कर्म घेऊ शकतं. विमानाचं 'टेक ऑफ' कर्माशिवाय, बुटांचं 'टेक देम ऑफ' कर्मासकट. आणि एक सावधगिरी: कॉलेजातून बाहेर पडणं या अर्थी 'आय पास्ड आउट' हे भारतात सर्रास चालतं, परदेशात ऐकणाऱ्याला तुम्ही बेशुद्ध पडलात असं वाटेल. तिथे 'आय ग्रॅज्युएटेड' म्हणा.

दुसरी जागा मधली. रोजच्या वापरातली सर्वांत मोठी गर्दी इथेच आहे: 'पिक मी अप', 'ड्रॉप मी ऑफ', 'कॉल हर बॅक', 'फिल इट इन', 'ट्राय देम ऑन', 'पे हिम बॅक', 'पुट इट ऑफ' (पुढे ढकल), 'टर्न इट डाउन' (आवाज कमी कर किंवा नकार दे), 'वर्क इट आउट', 'कॉल इट ऑफ' (रद्द कर). नाम असेल तर दोन्ही जागा मोकळ्या: 'फिल इन द फॉर्म', 'फिल द फॉर्म इन'. सर्वनाम असेल तर मध्येच.

असं का? इंग्रजी वाक्यात नवी, वजनदार माहिती शेवटाकडे सरकते. 'इट' म्हणजे आधीच कळलेली गोष्ट, तिला शेवटची मानाची जागा मिळत नाही. याच कारणाने उलटही घडतं. कर्म लांबलचक असेल तर ते मध्ये मावत नाही. 'टर्न द फॅन इन द रूम अपस्टेअर्स ऑफ' ऐकताना माणूस 'ऑफ'ची वाट बघत बसतो, म्हणून 'टर्न ऑफ द फॅन इन द रूम अपस्टेअर्स'. कर्म चार-पाच शब्दांच्या वर गेलं की पार्टिकल क्रियापदाला चिकटवून ठेवा. हा काही कायदा नाही, पण याने कान कधी खटकत नाही.

मधल्या जागेचा हा नियम 'मी, यू, हिम, हर, इट, अस, देम' आणि 'सेल्फ'वाल्या सर्वनामांसाठी आहे ('पुल युअरसेल्फ टुगेदर'). 'समवन', 'एव्हरीथिंग', 'दिस वन' यांना तो लागू नाही, ती नामासारखी दोन्हीकडे बसतात.

तिसरी जागा प्रीपोझिशननंतरची, आणि तिथे नाम असो वा सर्वनाम, हलवाहलव नाही. 'लुक फॉर इट', 'वेट फॉर हर', 'डील विथ इट', 'रन इनटू हिम' (अचानक गाठ पडणं), 'कम अक्रॉस इट' (काहीतरी सापडणं), 'गेट ऑन इट' (बसमध्ये चढणं), 'डू विदाउट इट' (त्यावाचून भागवणं).

चौथी जागा तीन शब्दांच्या साखळीच्या शेवटी. यात आधी पार्टिकल, मग प्रीपोझिशन: 'पुट अप विथ हिम' (त्याला सहन करणं), 'रन आउट ऑफ इट' (ते संपणं), 'कॅच अप विथ देम', 'गेट अवे विथ इट' (करून सवरून सुटणं), 'लुक फॉरवर्ड टू इट'. या शेवटच्याची खोड अशी की त्यातला 'टू' प्रीपोझिशन आहे, त्यामुळे पुढे क्रियापद आलं तर 'आयएनजी'चं रूप लागतं: 'आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू'. ईमेलच्या शेवटी 'टू मीट यू' लिहिलेलं फार दिसतं.

याच साखळीत कधी दोन सर्वनामं येतात, आणि मग प्रत्येक आपापल्या नियमाने बसतं. राग माझ्यावर काढू नकोस, 'डोन्ट टेक इट आउट ऑन मी': 'इट' पार्टिकलच्या आधी, 'मी' प्रीपोझिशनच्या नंतर. त्याला त्यापासून परावृत्त कर, 'टॉक हिम आउट ऑफ इट'. ही दोन वाक्यं सहज तोंडात बसली की मधला आणि शेवटचा, दोन्ही नियम बसले असं समजा.

उलट, जिथे शेपूट नकोच तिथे ते लावायची सवय आपल्याकडे आहे. 'कोप अप विथ' नव्हे, 'कोप विथ इट'. 'रिटर्न बॅक', 'रिव्हर्ट बॅक' यातला 'बॅक' फुकटचा. फॉर्मला 'फिल इन' किंवा अमेरिकन 'फिल आउट', 'फिल अप' गाडीच्या टाकीला. आणि फोनवर उलट चूक होते, हवं ते शेपूट गळतं: 'ही इज नॉट पिकिंग माय कॉल' नव्हे, 'ही इज नॉट पिकिंग अप'. समोरच्याने फोन मध्येच कापला तर 'शी हंग अप ऑन मी'.

जागा बदलली की अर्थ बदलतो

दोन्ही पक्षांतले शब्द कधी एकाच क्रियापदामागे दोन वेगळ्या नात्यांनी येतात. तेव्हा सर्वनामाच्या जागेवरूनच अर्थ ठरतो.

'आय सॉ थ्रू हिम' म्हणजे त्याचा डाव मी ओळखला. 'आय सॉ हिम थ्रू' म्हणजे अडचणीच्या काळात मी त्याच्या पाठीशी शेवटपर्यंत उभा राहिलो. जागा चुकली तर उपकाराची गोष्ट संशयाची होते.

'टर्न इट ऑन' म्हणजे सुरू कर. 'द डॉग टर्न्ड ऑन हिम' म्हणजे कुत्रा त्याच्यावर उलटला. 'ही रॅन अप अ बिग बिल' म्हणजे बिल चढवलं, 'ही रॅन इट अप'. 'ही रॅन अप द हिल' म्हणजे टेकडी पळत चढला, 'ही रॅन अप इट'. 'गेट ओव्हर इट' म्हणजे त्यातून सावर, 'गेट इट ओव्हर विथ' म्हणजे एकदाचं उरकून टाक. 'लुक इट ओव्हर' म्हणजे कागद नजरेखालून घाल, 'लुक ओव्हर इट' म्हणजे भिंतीसारख्या कशाच्या तरी वरून पलीकडे बघ. 'लुक इट अप' म्हणजे शब्दकोशात शोध.

नियमाला पूर्ण भीक न घालणारे थोडे आहेत. गाडीखाली चिरडण्याच्या अर्थाने 'रन हिम ओव्हर' आणि 'रन ओव्हर हिम' दोन्ही ऐकू येतं, पहिलं जास्त.

मराठी प्रत्यय आणि इंग्रजी प्रीपोझिशन

सर्वांत जास्त चुका इथे होतात. त्यांचं मूळ इंग्रजीत नसून आपण मनातल्या मनात प्रत्ययाचं भाषांतर करतो त्यात आहे. 'ला' म्हणजे 'टू', 'शी' म्हणजे 'विथ', 'वर' म्हणजे 'ऑन' हे समीकरण डोक्यात बसलेलं असतं, आणि इंग्रजी ते जुमानत नाही.

एकट्या 'ला'चंच बघा. त्याला भेटलो, 'आय मेट हिम'. त्याला विचारलं, 'आय आस्क्ड हिम'. त्याला सांगितलं, 'आय टोल्ड हिम'. त्याला फोन केला, 'आय कॉल्ड हिम'. या चारांत मध्ये काहीच नाही, आणि 'आस्क्ड टू हिम', 'टोल्ड टू हिम', 'कॉल्ड टू हिम' ही 'ला'ची सावली. मग त्याला म्हणालो: 'आय सेड टू हिम', इथे 'टू' हवाच. त्याला हसलो, 'आय लाफ्ड ॲट हिम'. त्याला घाबरतो, 'आय ॲम अफ्रेड ऑफ हिम', 'फ्रॉम' नव्हे. त्याला ओरडलो: रागाने असेल तर 'आय शाउटेड ॲट हिम', लांबून ऐकू जावं म्हणून असेल तर 'आय शाउटेड टू हिम'. 'ॲट' आणि 'टू'मधला हा फरक फेकण्यातही आहे. बॉल त्याच्याकडे टाक, 'थ्रो द बॉल टू हिम'. 'थ्रो इट ॲट हिम' म्हटलं तर मारायला सांगितल्यासारखं होईल.

गावांचंही तसंच. मुंबईला गेलो 'टू मुंबई', मुंबईला राहतो 'इन मुंबई', मुंबईला पोहोचलो 'रीच्ड मुंबई', मध्ये काही नाही. पण 'अराइव्ह' वापरलं तर 'अराइव्ह्ड इन मुंबई'. 'होम', 'हिअर', 'देअर', 'अब्रॉड' यांच्या आधी 'टू' लागत नाही: 'गो होम', 'रीच देअर', 'वेंट अब्रॉड'.

'शी' हा तसाच फसवा. त्याच्याशी भांडलो 'विथ हिम', सहमत आहे 'अग्री विथ हिम', इथपर्यंत ठीक. पण तिच्याशी लग्न केलं, 'ही मॅरिड हर'; आणि लग्न झालेलं आहे हे सांगायचं तर 'ही इज मॅरिड टू हर'. 'मॅरिड विथ' दोन्हीकडे चूक. 'वर'ची गोष्टही तीच. त्याच्यावर अवलंबून, 'डिपेंड ऑन हिम'. त्याच्यावर विश्वास, 'ट्रस्ट हिम'. 'बिलीव्ह हिम' म्हणजे तो आत्ता जे सांगतोय ते खरं मानणं, 'बिलीव्ह इन हिम' म्हणजे त्याच्या कुवतीवर भरवसा. त्याच्यावर रागावलो, 'अँग्री विथ हिम'. त्यावर चर्चा केली, 'वी डिस्कस्ड इट'.

'डिस्कस अबाउट' इतकं चिवट का, याचं कारण सोपं आहे. 'डिस्कशन' या नामाला 'अबाउट' लागतो, मग क्रियापदालाही लागत असेल असं वाटतं. अशी जोडपी ओळखून ठेवा, कारण नियम एकच आहे: नामाला शब्द लागतो, क्रियापदाला नाही. 'अ रिक्वेस्ट फॉर लीव्ह' पण 'रिक्वेस्ट लीव्ह'. 'ॲन ऑर्डर फॉर टी' पण 'ऑर्डर टी'. 'अ डिमांड फॉर इट' पण 'डिमांड इट'. 'ॲन अटॅक ऑन हिम' पण 'अटॅक हिम'. 'कॉन्टॅक्ट विथ हिम' पण 'कॉन्टॅक्ट हिम'. 'एंटर द रूम' ही याच रांगेत; 'एंटर इनटू' फक्त करार, वाटाघाटी अशांसाठी.

उलटी रांगही आहे. मराठीत कर्म सरळ येतं आणि इंग्रजीत मध्ये शब्द लागतो. माझं ऐक, 'लिसन टू मी'. माझी वाट बघ, 'वेट फॉर मी'. ते शोध, 'लुक फॉर इट'. त्याचं उत्तर दे: 'रिप्लाय टू इट', पण 'आन्सर इट'.

'एक्सप्लेन मी' आणि दोन सर्वनामांचा क्रम

'गिव्ह मी द बुक', 'शो हर द फोटो', 'टेल अस द ट्रूथ' ही माणूस आधी घेणारी क्रियापदं. 'एक्सप्लेन', 'सजेस्ट', 'डिस्क्राइब', 'मेन्शन', 'इंट्रोड्यूस', 'से' ही घेत नाहीत. त्यांना वस्तू आधी लागते, मग 'टू' आणि माणूस: 'एक्सप्लेन इट टू मी', 'सजेस्ट समथिंग टू हर', 'इंट्रोड्यूस मी टू देम'. सजेस्टला बोलीत आणखी सोपी वाट आहे: माणूस टाळून टाका, 'कॅन यू सजेस्ट अ गुड होटेल?' 'सजेस्ट मी अ गुड होटेल' हे सोशल मीडियावर इतकं झालं आहे की चूक वाटेनासं झालंय, पण मुलाखतीत खटकेल.

वस्तू आणि माणूस दोन्ही सर्वनामं असतील तर 'टू' किंवा 'फॉर' वापरा आणि प्रश्न मिटवा: 'गिव्ह इट टू मी', 'सेंड देम टू हिम', 'बाय इट फॉर हर'. 'गिव्ह मी इट' ब्रिटनमध्ये कानावर पडतं, पण तुम्ही 'टू'वर राहिलात तर कुठेच अडणार नाही. मध्ये पार्टिकल असेल तर क्रम: वस्तू, पार्टिकल, माणूस. 'गिव्ह इट बॅक टू मी'.

स्वतः, आपण आणि 'सेल्फ'

मराठीत कर्त्याकडेच परत जायचं असलं की 'आपण', 'स्वतः' येतं, आणि त्याचं 'मायसेल्फ' होतं. इंग्रजीत जागा दाखवणाऱ्या प्रीपोझिशननंतर मात्र साधं सर्वनाम लागतं: 'टेक ॲन अम्ब्रेला विथ यू', 'शट द डोअर बिहाइंड यू', 'आय हॅव नो कॅश ऑन मी'. 'विथ युअरसेल्फ', 'ऑन मायसेल्फ' इथे नको. पण प्रीपोझिशन क्रियापदाशी बांधलेला असेल तर 'सेल्फ' येतं: 'लुक ॲट युअरसेल्फ', 'लुक आफ्टर युअरसेल्फ', 'बिलीव्ह इन युअरसेल्फ'. थोडक्यात, शब्द ठिकाण सांगत असेल तर 'यू', क्रियापदाचा अर्थ पुरा करत असेल तर 'युअरसेल्फ'.

'मायसेल्फ सुनील' बद्दल फार लिहायची गरज नाही. 'आय ॲम सुनील' म्हणा. 'एन्जॉय'ला मात्र कर्म लागतं: 'वी एन्जॉइड इट' किंवा 'वी एन्जॉइड अवरसेल्व्ज', नुसतं 'वी एन्जॉइड अ लॉट' अपुरं. आणि प्रीपोझिशननंतर 'आय', 'ही' येत नाहीत, जोडी असली तरी: 'बिटवीन यू अँड मी', 'विथ हिम अँड मी'. शंका आली की जोडीतला दुसरा माणूस वगळून म्हणून पाहा. 'विथ आय' कोणीच म्हणत नाही.

प्रश्नात प्रीपोझिशन कुठे जातो

मराठीत 'कोणाची', 'कशावर', 'कोणाबद्दल' यांचे प्रत्यय शब्दाला घट्ट चिकटून पुढे येतात. इंग्रजीत प्रश्नार्थक शब्द पुढे पळतो आणि प्रीपोझिशन शेवटी एकटा राहतो. 'हू आर यू वेटिंग फॉर?', 'व्हॉट आर यू लुकिंग ॲट?', 'हू डिड यू गो विथ?' इथे दोन चुका होतात. एक, तो शेवटचा शब्द गळतो: 'हू आर यू वेटिंग?' दुसरी, 'ज्यात'च्या धाकाने तो दोनदा येतो: 'द फ्लॅट इन विच आय लिव्ह इन'. एकदाच हवा: 'द फ्लॅट आय लिव्ह इन'. शेवटी 'इट' लावून 'द फ्लॅट आय लिव्ह इन इट' करणंही तितकंच चूक.

वाक्य प्रीपोझिशनवर संपवू नये, असं अजूनही शिकवलं जातं. जॉन ड्रायडन या कवीने १६७२ मध्ये बेन जॉन्सनच्या लेखनातल्या अशा शेवटांवर नाक मुरडलं होतं, तिथून ती शिकवण पुढे पसरली. बोलीभाषेने ती कधी मानली नाही, तुम्हीही मानू नका. कर्मणी प्रयोगातही शब्द शेवटी तसाच उरतो: 'आय डोन्ट लाइक बीइंग शाउटेड ॲट', 'शी इज बीइंग लुक्ड आफ्टर'.

ऐकताना

सर्वनाम मध्ये आलं की त्याचा आवाज जवळजवळ मिटतो. 'पिक हिम अप' पडद्यावर 'पिकिमप' ऐकू येतं, 'टेक देम ऑफ'चं 'टेकेमॉफ', 'टर्न इट ऑफ'चं 'टर्निटॉफ'. 'हिम', 'हर' मधला 'ह' आणि 'देम' मधला 'द' गळतात. बोलतानाही तीन सुटे शब्द म्हणू नका, एका दमात म्हणा आणि जोर शेवटच्या पार्टिकलवर द्या. सबटायटल लावून दोन मिनिटांचा तुकडा ऐका, मग ती बंद करून ऐका. गळलेलं सर्वनाम कुठे होतं हे कळायला लागतं.

सराव कसा करायचा

'गेट'ची चाळीस रूपं एका बैठकीत पाठ करायला जाऊ नका, ती एकमेकांत मिसळतात. प्रसंगावरून घ्या: फोन, स्वयंपाकघर, कपडे, प्रवास, ऑफिस. एका प्रसंगाची आठ-दहा क्रियापदं एका आठवड्याला पुरे. शब्दकोश बघताना ऑक्सफर्ड, लाँगमन यांच्या लर्नर्स डिक्शनऱ्या वापरा. त्यांत 'समथिंग' आणि पार्टिकल यांच्यामध्ये दोन्ही टोकांना टोक असलेला बाण दिसला तर कर्म दोन्हीकडे चालतं आणि सर्वनाम मध्ये जातं. बाण नसेल आणि 'समबडी' शेवटी लिहिलेलं असेल तर सर्वनामही शेवटी.

वहीत प्रत्येक नोंदीला तीन ओळी द्या: सर्वनामासह इंग्रजी, त्याच अर्थाचं बोलीतलं अख्खं मराठी वाक्य, आणि नामासह इंग्रजी. मग नाम असलेली ओळ वाचून सर्वनामाची ओळ न बघता म्हणायची. दोन जातींची क्रियापदं मुद्दाम मिसळून ठेवा. सगळी एकाच जातीची असली तर मेंदू निवड करत नाही, नुसता चाल पकडतो, आणि खऱ्या बोलण्यात नेमकी निवडच करावी लागते.

खालची दहा वाक्यं आधी कागद झाकून इंग्रजीत करा.

१. गॅस चालू आहे, तो बंद कर.
२. तिची वाट बघ.
३. मला स्टेशनवर घ्यायला ये.
४. हे लिहून घे.
५. त्याच्याशी यावर चर्चा कर.
६. तो माझ्यावर ओरडला.
७. मला ते समजावून सांग.
८. राग माझ्यावर काढू नकोस.
९. छत्री बरोबर घे.
१०. कोणाबद्दल बोलताय?

उत्तरं: १. 'द गॅस इज ऑन, टर्न इट ऑफ.' २. 'वेट फॉर हर.' ३. 'पिक मी अप फ्रॉम द स्टेशन.' ४. 'राइट इट डाउन.' ५. 'डिस्कस इट विथ हिम.' ६. 'ही शाउटेड ॲट मी.' ७. 'एक्सप्लेन इट टू मी.' ८. 'डोन्ट टेक इट आउट ऑन मी.' ९. 'टेक ॲन अम्ब्रेला विथ यू.' १०. 'हू आर यू टॉकिंग अबाउट?'

१ किंवा ४ चुकलं असेल तर मधल्या जागेचा सराव कमी पडतोय. ५, ६, ७ चुकली तर दोष प्रत्ययांच्या भाषांतराचा, तिथे 'ला', 'शी', 'वर' यांची वेगळी पानं करा आणि प्रत्येक पानावर पंधरा-वीस क्रियापदं सर्वनामासकट भरा. ८ एकटंच चुकलं तर काळजी नको, ते आठवडाभर रोज दोनदा मोठ्याने म्हणा.